तेवीस म्हणजे तेवीस

निरीक्षकांनी आठवी बॅग ताणकाट्याच्या आकड्यात अडकवली, काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला आणि जाहीर केलं, "बावीस किलो आठशे. अजून दोनशे ग्रॅम बसतात."

"बसत असतील. पण बसवायलाच हवेत का?" बाईंनी विचारलं.

"माणशी दोन बॅगा आणि बॅगेमागे तेवीस किलो, असा नियम आहे. तेवीस म्हणजे तेवीस. कमी कशाला न्यायचं?"

त्यांनी मोज्यांचे दोन जोड आणि एक साबणाची वडी बॅगेत सारली, पुन्हा वजन केलं आणि चिठ्ठीवर 'आठ, तेवीस किलो' असं लिहून ती चिकटपट्टीनं बॅगेला लावली. धाकट्या लेकीची व्यायामाची दांडी दाराच्या चौकटीत होती, तिला हा ताणकाटा टांगला होता. त्यामुळे सकाळपासून त्या खोलीत जायचं तर प्रत्येकाला एखाद्या लोंबकळणाऱ्या बॅगेखालून वाकून जावं लागत होतं.

निरीक्षक वजन-मापे खात्यातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासले. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांना एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी शाबास म्हटलं नव्हतं. घरीही फारसं नाही. साखरेचं पाकीट वीस ग्रॅम कमी भरलं म्हणून ते दुकानात परत घेऊन जाणाऱ्या माणसाचं घरात कौतुक होतं अशातला भाग नाही.

बाई प्राथमिक शाळेत शिकवत. फळ्याकडे तोंड करूनही शेवटच्या बाकावर कोण काय खातंय ते त्यांना कळे. चाळीस मुलांना त्या एका नजरेत गप्प करत. एका नवऱ्याला गप्प करणं मात्र त्यांना अजून जमलं नव्हतं.

सगळ्यांचं निघायचं कारण मोठं होतं. परदेशात शिकणाऱ्या थोरलीला डॉक्टरेट मिळाली होती आणि परवा सकाळी दहा वाजता तिचा पदवीदान समारंभ होता. पाच वर्षांत ती एकदाच घरी येऊन गेली होती. "तुम्ही सगळे पहिल्या रांगेत दिसला नाहीत तर मी स्टेजवर चढणार नाही," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. तिकडे जाणारं विमान दिवसातून एकच, दुपारचं, आणि ते पोचायचं दुसऱ्या दिवशी दुपारी. ते चुकलं की समारंभ चुकला.

एवढं सगळं असताना निरीक्षकांनी एक नंबरच्या बॅगेत काय ठेवलं होतं, तर हत्यारांची पेटी. पाने, पक्कड, हातोडी, वेगवेगळ्या मापांचे वायसर. थोरलीशी बोलताना मागे तिच्या नळाची टिपटिप त्यांना ऐकू आली होती. पेटीचं वजन बरोबर तीन किलो होतं.

निरीक्षक आंघोळीला गेले तेव्हा बाईंनी दार लोटून घेतलं, ती पेटी बॅगेतून काढली आणि पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवून दिली. लेकीच्या पदवीदानाला माणसानं हातोडी घेऊन जाऊ नये, एवढीच त्यांची भूमिका होती. शिवाय बॅग तीन किलोंनी हलकी झाली. उचलणाऱ्याच्या पाठीवर तेवढेच उपकार.

*

चार माणसं, आठ मोठ्या बॅगा, चार हातातल्या आणि आजींची एक कापडी पिशवी. हे सगळं न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं आधी बॅगांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि मग दुसऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. पहिल्या गाडीत बॅगा आणि निरीक्षक बसले. दुसऱ्या गाडीत बॅगा, बाई, धाकटी आणि आजी. आजी म्हणजे निरीक्षकांच्या आई. वय अठ्ठ्याहत्तर. कानांनी जरा कमी ऐकायच्या, पण कुठल्या गोष्टी कमी ऐकायच्या ते स्वतः ठरवायच्या. त्यांच्या मांडीवरही एक बॅग होती.

"आई, आपण परत येणार आहोत ना?" धाकटीनं विचारलं. "सामान बघून वाटत नाही."

विमानतळावर तीन ढकलगाड्या भरल्या. निरीक्षकांनी एक नंबरची बॅग उचलताना हातात क्षणभर तोलून पाहिली आणि समाधानानं म्हणाले, "तेवीस." बाईंनी ओठ दाबले. तीन किलो कमी असलेली बॅग हातात घेऊन हा माणूस तेवीस म्हणतोय. एकतीस वर्षांचा हात म्हणे.

काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती. रांगेत त्यांच्यामागे पन्नास-साठ माणसं होती.

"पहिली बॅग ठेवा, सर."

निरीक्षकांनी एक नंबरची बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडा उमटला, वीस.

"वीस किलो," मुलगी म्हणाली. "छान. अजून तीन किलो चाललं असतं तुम्हाला."

बाईंना हायसं वाटलं. पेटीचे तीन किलो गेले, वीस राहिले, हिशेब जुळला. त्या दुसरी बॅग पुढे ढकलणार, एवढ्यात निरीक्षक म्हणाले, "ही बॅग वीसची नाहीये. तेवीसची आहे."

"सर, वीसच दाखवतंय."

"तेच म्हणतोय मी. तुमचा काटा चुकीचा आहे. तीन किलो कमी दाखवतोय."

मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं. जास्त दाखवतो म्हणून भांडणारी माणसं तिनं रोज पाहिली होती. ही तक्रार नवीन होती. "सर, कमी आहे म्हणजे चांगलंच आहे ना?"

"चांगलं-वाईट नंतर बघू. बरोबर आहे का ते सांगा. शेवटची तपासणी कधी झाली याची?"

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "असेल काहीतरी. घरी घाईत वजन केलंत तुम्ही."

"घाईत?" निरीक्षकांना तो शब्द लागलाच. "मी घाईत वजन करतो? ही चिठ्ठी बघ. माझ्या अक्षरात आहे."

मागे टोपी घातलेले एक गृहस्थ होते. ते पुढे वाकून म्हणाले, "काका, कमी दाखवतोय तर दाखवू द्या की. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही," निरीक्षक म्हणाले, "पण काटा खोटं बोलतोय."

टोपीवाल्यांनी त्यातला अर्धाच भाग ऐकला आणि आपल्या मागच्याला सांगितला. त्यानं त्याच्या मागच्याला. 'या काउंटरवर तीन किलो कमी दाखवतात' ही बातमी दोन मिनिटांत हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचली. शेजारच्या काउंटरसमोरची माणसं आपापल्या ढकलगाड्या वळवून या रांगेत येऊन लागली. एक बाई तर आपली जमा केलेली बॅग परत मागू लागल्या. त्यांना त्यात अजून दोन ब्लँकेटं घालायची होती. साठाची रांग दीडशेची झाली आणि बाकीच्या काउंटरवरच्या मुली रिकाम्या बसून इकडे पाहू लागल्या.

गर्दी पाहून पर्यवेक्षक आले. निळा टाय, हातात वॉकीटॉकी, चेहऱ्यावर घाई.

"साहेब, मला नीट कळू द्या," ते म्हणाले. "तुमची बॅग आम्ही जास्त वजनाची नोंदवावी, अशी तुमची मागणी आहे?"

"बॅग जेवढी आहे तेवढी नोंदवावी, अशी माझी मागणी आहे."

"आमची यंत्रं अगदी व्यवस्थित आहेत."

"मग वजनं आणा आणि तपासून दाखवा."

पर्यवेक्षकांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, पन्नास मिनिटांत काउंटर बंद होईल. तुमच्यामागे दीडशे लोक आहेत. तुम्हाला वादच घालायचा असेल तर बाजूला उभे राहा. तुम्हाला उद्याच्या विमानानं पाठवतो."

उद्याच्या विमानानं म्हणजे थोरली स्टेजवर आणि पहिली रांग रिकामी. धाकटी कळवळून म्हणाली, "बाबा, प्लीज. सॉरी म्हणा आणि चला."

निरीक्षक हलले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. आवाज मात्र तसाच होता. "मी सॉरी म्हटल्यानं काटा बरोबर होणार आहे का?"

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. एक वाक्य बोललं की सगळं मिटणार होतं. 'अहो, पेटी मी काढली, ती घरी पलंगाखाली आहे.' बस. पण ते वाक्य दीडशे माणसांसमोर बोलायचं होतं. पर्यवेक्षक हसले असते, टोपीवाले हसले असते, आणि ज्या माणसाचा एकतीस वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता तो सगळ्यांच्या मधोमध उघडा पडला असता, तोही बायकोमुळे. बाईंना ते बघवलं नसतं. साखरेच्या पाकिटावरून त्या त्यांना कितीही बोलल्या असतील. पण ते बोलायचा हक्क त्यांचा होता, या निळ्या टायचा नव्हता.

त्यांना दुसरी वाट सुचली. दोन नंबरच्या बॅगेला त्यांनी हात लावला नव्हता. ती ठेवली की ती बरोबर तेवीस भरेल, म्हणजे काटा बरोबर आहे हे सिद्ध होईल आणि हे आपोआप गप्प बसतील. पेटीचं विमानात हळूच सांगता येईल.

"वाद नको," बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. दीडशेच्या दीडशे लोक गप्प झाले. "दुसरी बॅग ठेवा. तिच्यावरही तेवीसच लिहिलंय. तेवीस आली तर काटा बरोबर. मग हे एक शब्द बोलणार नाहीत. काय हो?"

"नाही बोलणार," निरीक्षक म्हणाले.

धाकटीनं दुसरी बॅग ठेवली. आकडा उमटला.

वीस.

निरीक्षक खरोखरच एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त पर्यवेक्षकांकडे पाहिलं. बाजारात अशी त्यांची नजर पडली की दुकानदार स्वतःहून काटा पुढे करायचे.

तिसरी बॅग ठेवली. वीस. चौथी. वीस. मग धाकटी स्वतःच पट्ट्यावर चढून उभी राहिली. "मी काल जिममध्ये बावन्न होते," ती म्हणाली. आकडा एकोणपन्नास आला. "आई, हा काटा आपण घरी न्यायचा का?"

रांगेत हशा पिकला. पर्यवेक्षक हसले नाहीत. वॉकीटॉकीवर ते घाईघाईनं कुणाला तरी बोलावत होते.

बाईही हसल्या नाहीत. त्या मनातल्या मनात वजाबाकी करत होत्या. काटा खरंच तीन किलो कमी दाखवतोय. एक नंबरच्या बॅगेतून आपण तीन किलो काढले. म्हणजे तिचे वीस राहिले. विसातून काट्यानं तीन खाल्ले, तर सतरा दिसायला हवे होते. दिसले वीस. त्यांनी वजाबाकी तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा सतराच आले. म्हणजे पेटी निघाल्यावर त्या बॅगेत कुणीतरी दुसरं काहीतरी ठेवलं होतं आणि तेही बरोबर तीन किलोंचं.

त्यांनी सवयीनं शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं ढकलगाडीच्या मागे पाहिलं. आजी छताचे दिवे मोजत होत्या.

*

दुरुस्तीवाला आला. त्यानं बरोबर वीस किलोचं प्रमाणित वजन आणलं होतं. ते पट्ट्यावर ठेवलं तर सतरा भरलं. त्यानं बाजूची पत्र्याची पट्टी उघडली, आत हात घातला आणि रबराचा एक जाडसर तुकडा बाहेर काढला. "पट्टा खडखडतोय म्हणून कुणीतरी खाली कोंबलाय हा," तो म्हणाला. "काल संध्याकाळी वगैरे."

त्याच्यामागोमाग पिवळ्या जाकिटातले एक अधिकारी जवळजवळ पळतच आले. विमानात किती वजन चढतंय याची जबाबदारी त्यांची होती. "या काउंटरवरून सकाळपासून किती बॅगा गेल्या?" त्यांनी मुलीला विचारलं.

"एकशे चाळीस, सर."

अधिकाऱ्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला.

"चारशे वीस किलो," निरीक्षक म्हणाले.

अधिकाऱ्यांनी आकडे दाबले, पाहिलं आणि कॅल्क्युलेटर खिशात ठेवला. "चारशे वीस किलो आमच्या कागदावर नाहीत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि कागदावर नसलेलं वजन घेऊन मी विमान सोडत नाही. हे कुणाच्या लक्षात आलं?"

पर्यवेक्षकांनी टायची गाठ सारखी केली आणि निरीक्षकांकडे हात केला. अधिकाऱ्यांनी तो हात बाजूला सारून निरीक्षकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

मघाशी 'तुमचं काय जातंय' म्हणणारे टोपीवाले एकदम शांत झाले होते. आपण त्याच विमानात बसणार आहोत, हे त्यांच्या आता लक्षात आलं होतं. "काका," ते म्हणाले, "माझी बॅग जरा हातात घेऊन बघता?" निरीक्षकांनी ती उचलली. "साडेपंचवीस." दुरुस्त झालेल्या काट्यावर ठेवली, तर पंचवीस पूर्णांक पाच. टोपीवाल्यांनी निमूटपणे जमिनीवर बसून बॅग उघडली.

मग काय, लोक बॅगा घेऊन निरीक्षकांसमोरच उभे राहू लागले. त्यांनी सगळे काटे एकदा बघून घ्यावेत, अशी खुद्द अधिकाऱ्यांनी विनंती केली. प्रमाणित वजन दुरुस्तीवाल्यानं उचललं आणि मागे हात बांधून निरीक्षक एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर गेले. प्रत्येक ठिकाणी दोन पावलं अलीकडे थांबायचे, वजन ठेवायला सांगायचे आणि आकडा आला की मान डोलवायचे. त्यांची ती चाल बाईंनी लग्नानंतर प्रथमच नीट पाहिली. बाजारात त्या नेहमी त्यांच्यापासून दहा हात लांबून चालायच्या.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या बॅगांची पाळी आली. तोवर हॉलभर लोक जमिनीवर बसून बॅगांमधून बूट, ब्लँकेटं आणि डबे बाहेर काढत होते. धाकटी एकेक बॅग ठेवू लागली. पहिली, तेवीस. दुसरी, तेवीस. तिसरीला टोपीवालेच मोठ्यानं म्हणाले, "तेवीस." चौथीपासून सगळी रांग म्हणू लागली. आठव्या बॅगेला काउंटरवरची मुलगीही म्हणाली आणि टाळ्या पडल्या. निरीक्षकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. आता सुटलो, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून हाक आली. एक नंबरच्या बॅगेत काहीतरी लोखंडी आहे, उघडून दाखवा.

"माझी हत्यारं आहेत," निरीक्षक ऐटीत म्हणाले. "पाने, पक्कड. घरगुती." पिवळ्या जाकिटातले अधिकारी कौतुकानं सोबत आले. बाई भिंतीला टेकल्या.

तपासनीसानं बॅग उघडली, चार शर्ट बाजूला केले आणि एका शालीत गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता बाहेर काढला.

निरीक्षकांनी खलबत्त्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी आजींकडे पाहिलं. यावेळी छतात मोजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आजी म्हणाल्या, "बॅगेत खड्डा दिसला. म्हटलं, रिकामी जागा कशाला न्यायची. पोरीला खोकला होतो थंडीत, काहीतरी कुटून द्यायला लागतंच."

अधिकारी वाट पाहत होते. निरीक्षकांनी खलबत्ता एका हातात घेतला, तोलला आणि म्हणाले, "तीन किलो."

*

विमान पाऊण तास उशिरा, पण सगळं वजन कागदावर घेऊन निघालं. त्या चौघांना अधिकाऱ्यांनी अगदी पुढच्या, पाय लांब करता येतील अशा जागा दिल्या. कप्तानांनी स्वागत करताना 'आज आपल्यासोबत असलेल्या एका दक्ष निवृत्त निरीक्षकांचे' आभार मानले. मागून टाळ्या झाल्या. धाकटीनं ते सगळं फोनवर टिपून घेतलं.

विमान वर गेल्यावर निरीक्षक पुढे बघत हळूच म्हणाले, "पेटी कुठाय?"

"पलंगाखाली," बाई म्हणाल्या. "मी काढली. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

"म्हणजे पहिली बॅग ठेवली तेव्हा तुला वाटत होतं की मी चुकतोय."

"हो."

"तरी बोलली नाहीस."

"त्या माणसासमोर नव्हतं बोलायचं मला."

निरीक्षकांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. एवढं झाल्यावर पुढच्या प्रवासात काही व्हायला नको होतं. पण त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली आणि ती खोल होत गेली.

"म्हणजे मी ज्या वजनाच्या जोरावर तक्रार केली," ते म्हणाले, "ते वजन मी केलेलंच नव्हतं. बॅगेत वेगळाच माल होता. काटा चुकीचा निघाला हे खरं, पण माझा पुरावा सदोष होता."

"अहो, शेवटी निघाला ना चुकीचा?"

"निघाला. पण कप्तानांनी आभार मानले ते माझ्या अचूकपणाबद्दल. त्यांना वस्तुस्थिती सांगायला हवी." आणि ते खरंच पट्टा सोडून उठायला लागले.

अहो बसा, अहो नको, असं बाई म्हणतायत तोच शेजारच्या जागेवरच्या तरुण आईनं आपलं बाळ निरीक्षकांपुढे धरलं.

"काका, तुम्हीच ना ते? जरा घ्याल हिला? डॉक्टर सारखे म्हणतात वजन वाढत नाही. निघायच्या गडबडीत आठवडाभर बघायला झालं नाही. किती असेल हो?"

वजन करायला नाही म्हणणं निरीक्षकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बाळ दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले आणि जरा वरखाली केलं. बाळानं त्यांच्या चष्म्याची काडी मुठीत पकडली.

"सहा किलो आठशे."

बाळाच्या आईचे डोळे भरून आले. "गेल्या आठवड्यात साडेसहा होती. म्हणजे वाढलं."

"वाढलं," निरीक्षक म्हणाले. "तीनशे ग्रॅम. चांगलं वाढलं."

त्या हेलकाव्यानं बाळाला गुंगी आली असावी. ते त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेलं. निरीक्षकांनी एकदा कप्तानांच्या बंद दाराकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि उठायचा विचार रहित करून ते हळूच मागे टेकले.

बाळाच्या आईनं त्याला परत घ्यायला हात पुढे केले. बाईंनी ते अलगद खाली केले.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "छान झोपलीये. उतरेपर्यंत उठवू नकोस."

आणि त्यांनी चपला काढून पाय लांब केले.